सगळं येतं, पण सांगितल्याशिवाय काहीच करत नाही

ताई, तुमचा प्रश्न मोठा आहे, म्हणून नंतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात मांडते. मुलगा १३ वर्षांचा. ऑटिझमचं निदान चौथ्या वर्षी झालं, तेव्हापासून स्पीच थेरपी आणि ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी चालू आहे. छोटी वाक्यं बोलतो, मराठी-इंग्रजी वाचतो, बारापर्यंतचे पाढे पाठ, नाशिकच्या सिटीलिंक या शहर बससेवेचे नंबर आणि निमाणी बसस्थानकाहून कुठली बस कुठे जाते ते सगळं तोंडपाठ. पण सकाळी आंघोळीला पाठवलं की 'पाणी घे, साबण लाव, पाठीला लाव, आता धू' असं दाराबाहेरून सांगत राहावं लागतं. नाही सांगितलं तर पाण्याचा मग हातात धरून तसाच बसून राहतो. पाऊण तास जातो, खाली व्हॅनवाले काका हॉर्न वाजवतात, आणि शेवटी तुम्ही किंवा सासूबाई आत जाऊन उरकता. दात, कपडे, दप्तर, सगळीकडे हीच गत. सासूबाई म्हणतात, मोठा झाला की येईल. एका नातेवाइकांनी स्टेम सेल म्हणजे मूळ पेशींचा उपचार सुचवलाय. आणि तुमचा प्रश्न असा, की आता आणखी कोणती थेरपी लावू, आणि शाळा सोडवून त्याला व्यवसाय प्रशिक्षण केंद्रात घालू का?

मी विशेष शिक्षिका आहे, नाशिकमध्येच काम करते, आणि हल्ली माझं निम्मं काम थेरपी सेंटरच्या टेबलावर न होता लोकांच्या बाथरूमच्या दाराशी आणि किराणा दुकानाच्या पायरीवर होतं. त्या अनुभवावरून सांगते, थेरपी वाढवू नका. त्याची शिकवणी भरपूर झाली आहे. आता घरातलं सांगणं कमी करायचं आहे, आणि हे काम थेरपी लावण्यापेक्षा अवघड आहे.

स्टेम सेलचं आधी निकालात काढू. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्येच सांगितलं आहे की ऑटिझमसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही. लाखांत जाणारा खर्च आहे. ते पैसे ठेवा, पुढे लागतील.

आता मूळ मुद्दा. तुमच्या मुलाला आंघोळीच्या सगळ्या पायऱ्या येतात. साबण लाव म्हटलं की लावतो, धू म्हटलं की धुतो. येत नाही ते एवढंच, की एक पायरी संपल्यावर दुसरी आपणहून सुरू करणं. ती मधली जागा इतकी वर्षं तुमच्या आवाजाने भरून निघाली आहे. त्याच्या लेखी आंघोळ म्हणजे पाणी, साबण आणि आईचा आवाज. आवाज आला नाही म्हणजे आंघोळीतला एक भाग अजून यायचा आहे, म्हणून तो थांबतो. पाण्याचा मग हातात धरून बसलेला मुलगा आपल्याला आळशी किंवा हट्टी वाटतो; खरं तर तो तुमची पाळी येण्याची वाट बघत असतो. याचा दोष स्वतःकडे घेऊ नका. सेंटरमध्येही आम्ही मंडळी समोर बसवून 'दे', 'दाखव', 'लाव' असंच शिकवत आलो, आणि मुलं हुकमाची वाट बघायला पक्की शिकली.

हे सगळं लागू होतं की नाही, हे दोन-तीन गोष्टींवर ठरेल. पहिली म्हणजे तो पहिल्यापासून असाच आहे, की आधी बरंच स्वतः करायचा आणि गेल्या वर्षभरात थांबायला लागला? दुसरं असेल तर माझं उत्तर बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा. दाताची कीड, कानाचं दुखणं, बद्धकोष्ठ यांसारख्या गोष्टी आपली मुलं सांगत नाहीत, त्यांच्या वागण्यातूनच कळतात. शिवाय वयात येताना काही ऑटिस्टिक मुलांच्या हालचाली मंदावतात, घास उचलला की हात वाटेतच थांबतो, दारात पाय अडकल्यासारखे होतात. त्याला कॅटाटोनिया म्हणतात. वरवर पाहता ते तुमच्या वर्णनासारखंच दिसतं, पण तिथे शिकवून भागत नाही. बालमनोविकारतज्ज्ञांचे उपचार लागतात आणि ते जितके लवकर तितके बरे. दुसरी गोष्ट म्हणजे फिट्स. कधीही फिट आली असेल तर बाथरूममध्ये त्याला कडी लावून एकटं सोडायचं नाही, तो कितीही हुशार झाला तरी. आणि तिसरी, गिझर. नाशिकमध्ये घरोघरी गॅस गिझर आहेत, बरेचसे थेट बाथरूमच्या आत, वर एवढीशी खिडकी. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि माणसाला कळायच्या आत शुद्ध जाते. एकट्याने आंघोळ शिकवायची तर आधी तो गिझर बाहेर बाल्कनीत काढून घ्या. इलेक्ट्रिक असेल तर थर्मोस्टॅट ५० अंशांच्या आसपास आणा. ६० अंशांच्या पाण्याने काही सेकंदांत कातडी भाजते, आणि आपल्यातल्या कितीतरी मुलांना चटका जाणवून हात मागे घ्यायला वेळ लागतो.

इथून पुढे मी धरून चालते की तो पहिल्यापासून असाच आहे.

पहिला आठवडा काही शिकवू नका, फक्त बघा. बाबांना दाराशी उभं करा आणि एका आंघोळीत घरातली माणसं किती वेळा बोलतात ते कागदावर उभ्या रेघा मारून मोजायला सांगा. तो आकडा कुणालाच खरा वाटत नाही. मग पायऱ्या लिहा आणि प्रत्येकीपुढे नोंदवा, की ती त्याने आपणहून केली, खुणेने केली, सांगितल्यावर केली, की हात धरून करवावी लागली. बहुतेक घरांत असं निघतं की अर्ध्याहून जास्त पायऱ्या तो आपणहून करायला लागलेलाच असतो, पण त्याआधीच आवाज येऊन पडतो.

आता आवाजाच्या जागी काय ठेवायचं? बोललेला शब्द हवेत विरून जातो. लिहिलेला किंवा काढलेला समोर राहतो, पुन्हा बघता येतो, चिडत नाही आणि कंटाळत नाही. एरिक शॉप्लर यांनी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात यावरच टीच (TEACCH) हा कार्यक्रम उभा केला, १९७२ पासून तो त्या राज्यभर चालला. ऑटिस्टिक मुलासमोर दिवस आणि काम डोळ्यांना दिसेल असं मांडून ठेवा, हा त्याचा गाभा. आपल्याकडे याचं रूप बहुतेक वेळा भिंतीवरच्या कार्टून चित्रांचं होतं, तीही इंटरनेटवरून काढलेली, ज्यात गोरा मुलगा शॉवरखाली उभा आहे. तुमच्याकडे बादली आणि मग. तुमचा मुलगा वाचतो, त्यामुळे चित्रं नकोतच. १३ वर्षांच्या मुलाला बालवाडीचा तक्ता लावून कमीपणा कशाला आणायचा? साध्या शब्दांची उभी यादी करा, झेरॉक्सच्या दुकानातून जाड लॅमिनेशन करून घ्या, आणि तो स्टुलावर बसल्यावर नजरेसमोर येईल एवढ्या उंचीवर लावा. बऱ्याच घरांत यादी उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर लावलेली असते आणि मूल खाली पाटावर बसलेलं असतं.

यादीच्या कडेला कपडे वाळत घालायचा एक चिमटा लावा. पायरी झाली की चिमटा खाली सरकवायचा. माझ्या मते सगळी गोम या चिमट्यात आहे. नुसती यादी असली की मुलं एकदा वाचतात आणि विसरतात. आपण कुठे होतो ते कळत नाही. चिमटा सांगतो, इथे आहेस. पुढची पायरी आता तुमच्याकडून येत नाही, चिमट्याकडून येते.

पण चिमट्याची सवय आंघोळीत लावू नका. ओलं अंग, थंडी, घाई, यात नवीन काही शिकवता येत नाही. आधी संध्याकाळी दप्तर भरण्याची यादी करा, पाच-सहा ओळींची. वेळापत्रक बघ, चिमटा. पुस्तकं काढ, चिमटा. वह्या, कंपास, डबा, चेन लाव. हॉलमध्ये कोरड्या कपड्यांत, पंख्याखाली निवांत. दप्तरावर चिमटा चालायला लागला की मगच तो बाथरूममध्ये न्या.

मदत कशी द्यायची यावर सगळं अवलंबून आहे, म्हणून इथे जरा थांबते. समोर उभं राहू नका, मागे राहा. तो अडला की लगेच काही करू नका. मनात सावकाश दहा म्हणा. तरी हलला नाही तर मागून कोपराला हलकं टेकवा आणि त्याचा हात त्या यादीच्या कार्डाकडे न्या. साबणाकडे नाही, कार्डाकडे. हा फरक मी शिकाऊ शिक्षकांना वारंवार सांगते. तुम्ही साबणाकडे बोट दाखवलंत की पुन्हा तुम्हीच त्याचं यंत्र झालात, फक्त आवाजाऐवजी बोट आलं. कार्डाकडे नेलंत तर तो अडल्यावर कुठे बघायचं ते शिकतो. पुढे हात धरण्याऐवजी मनगट, मग कोपर, मग खांद्यामागे नुसतं असणं, मग दाराबाहेर असणं, असं सरकत जायचं. आणि तोंड बंद. शाबासकीसुद्धा शेवटी, मध्ये नाही. मधली शाबासकी हीही 'आता पुढचं कर' अशी सूचना होऊन बसते. गप्प राहणं जमत नसेल तर तोंडात पाण्याचा घोट धरून उभं राहा. चेष्टा नाही करत. एका घरी आजोबांना मी हे करायला लावलं होतं, कारण त्यांना मूग गिळून बसणं काही केल्या जमेना, पाणी जमलं.

आता प्रत्यक्ष पायऱ्या. आपण 'गरम पाणी मिसळ', 'नीट साबण लाव', 'स्वच्छ धू' असं म्हणतो. नीट म्हणजे किती, स्वच्छ म्हणजे कधी, हे आपल्याला अंदाजाने कळतं, त्याला तो अंदाज येत नाही. माझ्याकडच्या एका मुलीला 'हात धू' म्हटलं की दुसऱ्या कुणी नळ बंद करेपर्यंत ती धूतच राहायची. कामाचा शेवट डोळ्यांना दिसला किंवा बोटांवर मोजता आला पाहिजे. बादलीवर आतून दिसेल अशा दोन रेघा काढा, खाली निळी आणि वर लाल. आधी थंड पाणी निळ्या रेघेपर्यंत, मग गरम लाल रेघेपर्यंत. थंड नेहमी आधी, म्हणजे चूक झाली तरी भाजत नाही. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचं थंड पाणी बोचतं, तेव्हा निळी रेघ दोन-तीन बोटं खाली घ्या आणि ती नवी रेघ त्याच्याकडूनच काढून घ्या, म्हणजे रेघ बदलू शकते हेही शिकून होतं. साबणाची वडी हातातून निसटते आणि ती शोधण्यात तो हरवतो. हाताला घालायची जाळीची पिशवी किंवा घासणीचा मोजा घ्या, साबण त्यात. डावा हात ५ वेळा, उजवा ५, छाती-पोट १०, मग काखा, मांड्या, पाय. तुमचा मुलगा आकड्यांत रमणारा आहे, त्याला हे आवडेल. पाठीला हात पुरत नसेल तर पाठ सोडून द्या, पुढच्या महिन्यात बघू. डोक्यावरून पाण्याचे ८ मग. शाम्पू बाटलीतून ओतायला दिला तर अर्धी बाटली जाईल. एक रुपयाची पुडी, एका वेळी एक.

केसांवर पाणी पडलं की किंचाळतो, टॉवेल टोचतो, टूथपेस्ट जिभेला झोंबते, असं काही असेल तर ते शिकवून जात नाही. तिथे सोय करा. सुती पंचा घ्या, बिनचवीची किंवा सौम्य पेस्ट घ्या, डोकं आठवड्यातून दोनदाच आणि पुढे वाकून धुवा. याला लाड म्हणणारे घरात असतात. ऐकून सोडून द्या.

वेळेचं म्हणाल तर सकाळी ७ वाजता, व्हॅन खाली उभी असताना, काहीही शिकवता येत नाही. सकाळची आंघोळ महिनाभर आहे तशी उरकून टाका किंवा सरळ संध्याकाळी खेळून आल्यावर हलवा. आंघोळीशिवाय नाश्ता नाही असा सासूबाईंचा नेम असेल तर सकाळी हात-पाय-तोंड धुऊन देवाला नमस्कार, एवढ्यावर त्यांना राजी करा. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना काम द्या. रोज किती पायऱ्या आपणहून झाल्या तो आकडा कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकटीत त्यांनी लिहायचा. 'मोठा झाला की येईल' म्हणणारी आजी आकडा वाढताना बघून सगळ्यात कडक पहारेकरी होते, सुनेला आत जाऊ देत नाही. मोठं झाल्यावर आपोआप येत नाही, हे मात्र तुम्ही मनात पक्कं ठेवा. २५ वर्षांच्या मुलाला आंघोळ घालणाऱ्या ६० वर्षांच्या आया मी ओळखते, आणि त्यांच्या कमरा गेल्या आहेत.

मदत मागे घ्यायला लागलात की पहिले काही दिवस आकडा खाली जाईल. तो बसून राहील, तुमच्याकडे बघेल, कदाचित 'आई साबण लाव म्हण' असंही म्हणेल. तेव्हा कार्डाकडे न्या. पण तो घाबरून स्वतःला मारायला, चावायला लागला तर त्या दिवशी सोडून द्या आणि दोन पावलं मागे या. त्रास सहन करायला लावून शिकवणं मला पटत नाही, आणि टिकतही नाही.

आता एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाही. तो १३ वर्षांचा आहे. त्याला आंघोळ घालायला आईने आणि आजीने जाणं आता थांबायला हवं. हे शिकवण्याचं काम बाबांचं, मामाचं किंवा मोठ्या भावाचं, आणि तेही तो उघडा असताना स्वतः पूर्ण कपड्यांत, दाराशी. यामागे लाजेपेक्षा सुरक्षेचं कारण मोठं आहे. ज्या मुलाला रोज कुणीही येऊन अंगाला हात लावतं, कपडे काढतं, त्याला उद्या चुकीचा हात ओळखायला कसा येणार? 'आंघोळीला दार लोटायचं', 'कपडे बाथरूममध्येच बदलायचे', 'लिंगाला हात लावायचा तर आपल्या खोलीत, दार लावून', 'दुसऱ्याने हात लावला तर आई-बाबांना सांगायचं' ही चार वाक्यं त्याच यादीच्या पद्धतीने लिहून द्या, आडपडदा न ठेवता आणि अवयवांची खरी नावं वापरून. वयात येणाऱ्या मुलाने स्वतःच्या शरीराला हात लावणं हा आजारही नाही आणि वाईट वळणही नाही. जागा तेवढी शिकवायची.

घरी जमलं म्हणून सगळीकडे जमेल, असं मात्र होत नाही. आमच्या मुलांचं शिकणं ज्या जागी शिकलं त्या जागेला चिकटून राहतं. घरच्या निळ्या बादलीत आंघोळ करणारा मुलगा मामाच्या घरी शॉवर बघून थिजतो. म्हणून कार्ड आणि चिमटा पिशवीत घालून बरोबर न्या, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी घरात बाबांऐवजी काका, नंतर पाण्याचा मग बदला, त्यानंतर दुसरं बाथरूम. याच कारणाने मला सेंटरमधली प्लॅस्टिकची फळं आणि खोट्या नोटा आवडत नाहीत. दुकानदारी शिकवायची तर दुकानातच.

ते शिकवायला तुमच्या मुलाकडे फार चांगली वाट आहे, ती म्हणजे बस. महापालिकेची सिटीलिंक २०२१ मध्ये सुरू झाली आणि माझ्याकडच्या कितीतरी मुलांचा तो आवडीचा विषय आहे. घरचे या वेडाला कंटाळलेले असतात, मी त्याला भांडवल समजते. तुमच्या स्टॉपवरून निमाणीपर्यंत रविवारी दुपारी, गर्दी नसताना जा. सुरुवातीला बाबा शेजारी, मग मागच्या सीटवर, मग दोन सीट सोडून. तिकीट तो काढेल. १०-१० च्या नोटा द्या आणि एक साधा नियम शिकवा, की सांगितलेल्या रकमेच्या वरची पुढची दहाची नोट द्यायची. १७ म्हटले तर दोन नोटा, २३ म्हटले तर तीन. सुटे मोजण्यात वर्षं घालवू नका. हल्ली भाजीवालीकडेही क्यूआर कोड असतो, पण त्याच्या हातात फोन आणि पिन देणं मला इतक्यात योग्य वाटत नाही. नोट दिली की कमी होते हे दिसतं. फोनमधले पैसे दिसत नाहीत. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यांना आधी सांगून ठेवा की हा काही न बोलता उभा राहिला तर तुम्ही 'काय हवं' विचारू नका, त्याच्या हातातल्या चिठ्ठीकडे बघा.

बसचं हे वेड बक्षीस म्हणून टांगून ठेवू नका, 'आंघोळ नाही तर बस नाही' असं करू नका. रविवारची बस त्याची आहेच. फक्त क्रम ठेवा, आधी आंघोळ, मग बस. आणि मार्ग बदलणं आतापासून शिकवा. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवसांत पंचवटी, निमाणी, द्वारका या बाजूची वाहतूक वळवली जाणार, आणि ज्याला मार्ग तोंडपाठ आहेत त्याला त्याचा सगळ्यात जास्त त्रास होणार. भिंतीवरच्या कॅलेंडरवर 'आज वेगळा मार्ग' असं अधूनमधून मुद्दाम लिहा आणि छोटा बदल करून बघा. तसंच त्याच्या खिशात नाव आणि तुमचे दोन नंबर असलेलं कार्ड आजपासून हवं. ढोल-ताशाचा, विशेषतः आपल्या नाशिक ढोलाचा आवाज त्याला सोसत नसेल तर कानावर बसणारे इअरमफ घ्या; गणपतीत आणि रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडीजवळ, म्हणजे रंग खेळायच्या जमिनीतल्या हौदाजवळ, न्यायचं असेल तर त्यांच्याशिवाय नकोच.

शाळेचं काय? निव्वळ आंघोळ येत नाही म्हणून शाळा सोडवू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम स्वतंत्रपणे नोंदलेला आहे, आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा पालकांच्या पसंतीच्या विशेष शाळेत. त्यामुळे शाळा 'घेऊन जा' म्हणत असेल तर तो तिचा अधिकार नाही. मात्र शाळेत ठेवायचं की नाही हे हक्कावर ठरवू नका. तिथल्या एका दिवसाचा तासातासाचा हिशेब मागा. शेवटच्या बाकावर नुसता बसवून ठेवत असतील, डबाही कुणी भरवत असेल, तर तो वेळ वाया जातोय. वर्गात थोडंफार समजत असेल, एखादा मित्र असेल, गणितात रमत असेल, तर राहू द्या. पाढे आणि वाचन येणाऱ्या मुलाला तेराव्या वर्षी मेणबत्त्या-पणत्यांच्या केंद्रात बसवायची घाई मला नको वाटते. अर्धा दिवस शाळा आणि दुपारी घर, दुकान, बस, हा मधला मार्ग कितीतरी मुलांना मानवला आहे. पुढे राज्य मंडळाची दहावी दिली तर जादा वेळ आणि लेखनिकाच्या सवलती मिळतात. ते झेपत नसेल तर एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे. तिथे विषय निवडून घेता येतात आणि ५ वर्षांत सवडीने एकेक विषय सोडवता येतो. व्यवसाय प्रशिक्षणाचा विचार सोळाव्या वर्षाच्या आसपास करू. तोवर धुतलेले कपडे माणसाप्रमाणे वेगळे लावणं, मटार सोलणं, पाण्याच्या बाटल्या भरणं हे घरातलं काम त्याच्या नावावर ठेवा. तेही चिमट्याने.

तुम्ही लिहिलंय की दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटवर 'मध्यम' आलं म्हणून आता आशा ठेवावी की नाही. ऑटिझमची तीव्रता ठरवणारं ते आयएसएए मोजमाप ४० मुद्द्यांचं असतं, प्रत्येकाला १ ते ५ गुण, आणि १०७ ते १५३ मध्ये बेरीज आली की 'मध्यम' लिहितात. सवलती आणि योजनांसाठी ते उपयोगी आहे. तो पुढे काय शिकेल हे त्या बेरजेत कुठेच नाही. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, झालं नसेल तर करून घ्या. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो, थेरपीचा काही खर्चही त्यात बसतो. आणि तो १८ वर्षांचा झाल्यावर कायद्याने तुम्ही आपोआप त्याचे पालक राहत नाही. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. पाच वर्षं आहेत, पण कागद गोळा करायला घ्या.

दप्तराची यादी या रविवारी करा, आंघोळीला अजून हात लावू नका. पंधरा दिवसांनी लिहा आणि त्यात गिझर कुठला, तो आत आहे की बाहेर, फिट कधी आली होती का, आणि गेल्या वर्षभरात तो मंदावला आहे का, एवढं नक्की कळवा. त्याच्या वहीच्या एका पानाचा फोटोही टाका, वरचं नाव झाकून. किती लांब ओळ तो सहज वाचतो ते त्यावरून दिसेल, आणि आंघोळीच्या कार्डाचा मजकूर मी तेवढ्याच लांबीचा लिहून देईन.